पहिला टिळा

“थांब गं. आधी वास घेऊ दे त्यांना,” शांतादेवी म्हणाल्या.

रोहिणीचा हात जागच्या जागी थांबला. तुपाची वाटी बंकटशास्त्र्यांच्या ताटावर तिरपी झाली होती, धार सुटायच्या बेतात होती. तिनं सासूकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

“आत्याबाई, असं काय?”

“अगं, पलटणीचे पंडितजी हायेत ते. तुपाची पारख लई त्यांना. दे वाटी हातात.”

वीरेश हसला. “माय, पाव्हण्याची थट्टा करती व्हय? जेवू दे की.”

पण वाटी शास्त्र्यांच्या हातात आलीच. एकाहत्तर वर्षांचा माणूस, अंगात बंद गळ्याचा कोट, कोटावर चार पदकं, खाली मांडी घातलेली आणि हातात तुपाची वाटी. त्यांनी ती नाकाशी नेली. सगळे हसत होते म्हणून तेही हसले.

“कसं हाय?”

“उत्तम. घरचं आहे.”

“नक्की?”

“नक्की, आक्का.”

“वाढ,” शांतादेवी सुनेला म्हणाल्या आणि खाली मान घालून भात कालवू लागल्या. त्या काही हसल्या नव्हत्या.

धारूरच्या बाजारात वीरेशचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागं हे घर. दुकानाच्या तोंडावर जो चौक आहे त्याला आज चार वाजता वीरेशच्या थोरल्या भावाचं, रवीचं, नाव दिलं जाणार होतं. सत्त्याऐंशी साली पलटण श्रीलंकेत गेली होती, तिथं रवि गेला. एकवीस वर्षांचा होता. त्या पलटणीतली आता कोण माणसं जिवंत आहेत याचा वीरेशनं महिनाभर शोध घेतला, तेव्हा बीडजवळ पालीला राहणारे सुभेदार बंकट पाठक सापडले. पलटणीचे धर्मगुरू. प्रमुख पाहुणा म्हणून याहून चांगला माणूस कुठून मिळणार?

फौजेत धर्मगुरू असतो हे गावाकडं पुष्कळांना ठाऊक नसतं. त्याला हुद्दा असतो, पगार असतो, रायफल नसते. तंबूत देव मांडायचे, आरती करायची, घाबरलेल्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, मेलेल्याला अग्नी द्यायचा आणि त्याच्या घरी पत्र लिहायचं. हे सगळं बंकटशास्त्र्यांनी सव्वीस वर्षं केलं. नावाला डाग नाही.

जेवणं झाली. खुर्च्या आल्या का बघतो म्हणून वीरेश मांडवाकडं गेला. रोहिणी भांडी घेऊन आत गेली. शांतादेवींनी पाहुण्यांना आपल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसल्या. एकोणऐंशी वर्षांच्या बाई. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि मान अशी ताठ की समोरच्यानंही सरळ बसावं.

शास्त्र्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. या घरात काय विचारलं जाईल ते त्यांना माहीत होतं.

“आक्का, तुमच्यात जाळत नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण हुकूम होता. ही त्याची झेरॉक्स. समुद्रापलीकडून प्रेत आणायची सोय त्या आठवड्यात नव्हती, म्हणून दहन—”

“ते मिटलं,” शांतादेवी म्हणाल्या. “स्वामी म्हणले, राख तर राख. पोराला बसवून पुरता आलं न्हाई, राखंचा डबा बसवून पुरला. ठिवा तो कागद.”

शास्त्र्यांनी कागद ठेवला. ज्या प्रश्नाचं उत्तर अडतीस वर्षं पाठ करावं तो प्रश्न असा मोडीत निघाला तर माणसाला हलकं वाटायला हवं. त्यांना अंधारात जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं झालं.

शांतादेवींनी उशीखालून दोन कागद काढले. पहिला उलगडून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. अक्षर त्यांचंच होतं.

श्री. वैजिनाथ यांस,
आपले चिरंजीव रवि यांना दिनांक १२ रोजी वीरमरण आले. अखेरच्या क्षणी मी त्यांच्याजवळ होतो. त्यांना वेदना झाल्या नाहीत. त्यांच्या मुखी शिवाचे नाव होते.

“चकलांब्याच्या छबुबाईकडं बी हाय असाच कागद,” शांतादेवी म्हणाल्या. “बीडच्या हापिसात पेन्शनीच्या रांगंत भेट झाली आमची. दोघींनी कागद शेजारी धरले. तिच्या पोराच्या मुखी विठ्ठल हाय. बाकी समदं येक.”

खरं होतं. मूळ मजकूर त्यांनी एकदाच लिहिला होता. मग त्यात चार जागा रिकाम्या राहायच्या.

बाप ______
मुलगा ______
तारीख ______
देव ______

सुरुंगावर पाय पडलेल्या माणसाच्या मुखी काय असणार. मुखच जर—

“मी… सगळ्यांना धीर द्यायचा म्हणून लिहायचो, आक्का.”

“मला ठावं हाय की. दोघी बी रडलो, मग हसलो. छबुबाई म्हणली, मानूस मायाळू दिसतोय. खोटं बोलला पर कुनाला दुखवलं न्हाई.” त्यांनी दुसरा कागद उलगडला. “आता ह्यो बगा. ह्यो रवीचा.”

निळं अंतर्देशीय पत्र. घड्यांवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. शास्त्र्यांनी चष्मा पुसला.

माय, हितल्या पंडितजींना तूप लागतं. गायीचं असलं तर बरं. पाच किलोचा डबा धाड. लवकर धाड. बाकीच्यांच्या घरनं आलंय. कावून ते इचारू नको, बापूला सांगू नको. मी बरा हाय. पायाला फोड आलेत, पर पाय हायेत.

शास्त्र्यांनी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नुसतं त्याच्याकडं पाहत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर बाई दिसल्या असत्या.

“मला बी तवा कळलं न्हवतं, कावून ते,” शांतादेवी म्हणाल्या. “मग वर्सानं आश्रुबा आलता. रवीच्या टोळीतला. त्यानं सांगितलं. पैला टिळा कुनाला, कसा.”

तर तेही या खोलीत येऊन पोचलं होतं. आणि छत्तीस-सदतीस वर्षं इथंच राहत होतं.

रोज पहाटे छावणीतून दहा माणसं रस्ता उघडायला निघायची. उघडायचा म्हणजे चालत जायचं आणि कुठं सुरुंग पुरलाय का ते शोधायचं. सापडला तर हाताला, नाही तर पायाला. सगळ्यात पुढं एक जण. तो कोण, हे आधी हवालदार यादीवरून ठरवायचा. पण लागोपाठ तीन जण गेले आणि यादीवरून मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा कंपनीचे साहेब चहा पिता पिता म्हणाले, पंडितजी, निघताना टिळा तर तुम्हीच लावता. ज्याला पहिला लावाल तो पुढं चालेल. देवाच्या माणसानं ठरवलं की कुरकुर होत नाही.

कुरकुर झाली नाही.

आठवड्याभरात तंबूच्या दाराशी वस्तू दिसू लागल्या. टॉर्चचे सेल. डोक्याला लावायचं तेल. मग घरून मागवलेलं: काकवी, पेढे, शेंगदाण्याचे लाडू. शास्त्र्यांनी कुणाकडं काही मागितलं नाही, हे त्यांनी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि ते खरंही होतं. त्यांनी फक्त कधी नको म्हटलं नाही.

“आश्रुबाच्या घरनं खवा आलता म्हनं,” शांतादेवी म्हणाल्या. “त्यो वाचला. चार नातवंडं हायेत आता त्याला.”

“आक्का, मी—”

“मला तुमचा राग न्हाई, पंडितजी. देवाच्या मानसाला द्यायचं ही रीत हाय. पुढं देऊन मागं मागायचं. ज्यानं दिलं न्हाई त्याचं चुकलं. मला येकच इचारायचंय. त्याच्यासाठी बोलावलं तुमाला. चौकाला नाव काय, उद्या मोटार धडकून फळी पडंल.”

त्यांनी दाराकडं पाहिलं. आत रोहिणी भांडी घासत होती, नळ चालू होता.

“डब्यात निम्मा डालडा व्हता.”

शास्त्र्यांना क्षणभर कळलंच नाही.

“पत्र आलं तवा थोरल्या लेकीचा साखरपुडा आठ दिसांवर. घरात तूप व्हतं पाच-सहा किलो, ते पाव्हण्यांच्या पंगतीला ठिवल्यालं. ह्यांना सांगायचं न्हाई म्हनून पोरानं लिवलेलं. मग साखरपुडा हू दिला. उरलं निम्मंच. दुकानात डालड्याचे डबे व्हते. रात्री चुलीवर दोन्ही येकात कढवलं, वर इलायची टाकली. म्हनलं समुद्रापल्याड कोन बोट घालून बगतंय? झाकन झाळून घेतलं, वरनं कापड शिवलं, धाडलं.” त्यांनी उजवा हात पालथा केला, पुन्हा उताणा केला, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता. “तुमी झाकन काढलं. वास घेतला. तुमाला कळलं, बाईनं देवाच्या मानसाला फशीवलं. आन मंग तुमी माझ्या रवीला पुढं घातलं. आसंच झालं ना?”

नळ बंद झाला. पुन्हा सुरू झाला.

“कुनाला सांगितलं न्हाई मी हे. ह्यांना न्हाई, स्वामींना न्हाई. ह्ये गेले तवा बी तोंडावर आलतं, गिळलं. आता तुमी सांगा. व्हय का न्हाई, तेवढं सांगा.”

बंकटशास्त्र्यांना तो डबा आठवत होता. चांगला आठवत होता. त्यांनी तो तीन महिने पुरवला होता. रोज पोळीवर घ्यायचे आणि शेजारच्या तंबूतल्या सुभेदाराला म्हणायचे, बालाघाटच्या डोंगरातलं गवत खाल्लेल्या गायी आहेत, साहेब, असं तूप दिल्लीला नाही मिळायचं. डालड्याचा संशय त्यांच्या जिभेला कधी शिवला नव्हता.

“डबा नंतर आला, आक्का.”

“आँ?”

“रवि गेला गुरुवारी. डबा शनिवारी आला. डालड्याचा काही संबंध नाही. मी झाकण काढलं तेव्हा तो…”

शांतादेवींचे ओठ हलू लागले. अंगठा बोटांच्या पेरांवरून पुढं सरकत होता. त्या दिवस मोजत होत्या, हे शास्त्र्यांच्या उशिरा लक्षात आलं.

“म्हंजी साखरपुड्याची वाट बगितली न्हसती,” त्या हळू म्हणाल्या, “पत्र आलं त्याच दिशी धाडला असता, तर पोचला असता की. आठ दीस आधी पोचला असता.”

एका खड्ड्यातून काढायला हात दिला आणि शेजारच्या खड्ड्यात ढकललं, असं झालं. शास्त्र्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. चार वाजायला अर्धा तास होता. इथून पुढं एकच वाक्य उरलं होतं ज्यानं या बाईची सुटका झाली असती, आणि ते वाक्य म्हटल्यावर त्यांनी चौकात कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

त्यांनी ते म्हटलं. का म्हटलं, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित बाईंचा अंगठा पेरांवरून अजून फिरत होता म्हणून.

“आक्का, तुम्ही दहा डबे पाठवले असते, नुसत्या गायीच्या तुपाचे, आणि महिनाभर आधी, तरी मी त्यालाच पुढं घातलं असतं.”

अंगठा थांबला.

“कावून?”

“मला तो डोळ्यांसमोर नको होता.”

मग ते सांगत गेले. सलग नाही, जसं आलं तसं.

रवि आरतीला मागं उभा राहायचा. टाळी वाजवायचा, पण हात जोडायचा नाही. सकाळी तंबूबाहेर बसून डाव्या तळहातावर लिंग ठेवायचा आणि आपली पूजा आपण करायचा. एकदा सगळ्यांसमोर हसत म्हणाला, पंडितजी, माझा देव माझ्याच गळ्यात आहे, तुम्हाला कशाला तसदी. हवालदार हसला. सगळे हसले. त्यात वाईट असं काही नव्हतं.

मग एक जण त्याच्या पूजेला जाऊन बसला. मग दोघं. मग सहा.

“माझ्या आरतीला घंटा वाजवायला माणूस उरला नाही, आक्का. पुढं निघायच्या आधी पोरं त्याच्याजवळ जायची. त्याच्याकडून भस्म लावून घ्यायची. तो काही घेत नव्हता कुणाकडून. तंबूत बसून मी ते बघायचो.”

सोमवारी पहिला टिळा रवीला.

मंगळवारी रवीला.

“एकाच माणसाला लागोपाठ दोनदा लावायचा नाही, असं ठरलेलं होतं. हवालदार म्हणाला, पंडितजी, हा पुन्हा? मी म्हणालो, देवाची मर्जी.”

बुधवारी रवीला.

“त्याला कळलं होतं. पण त्याला वाटलं मला तूप हवंय. बाकीच्यांनी तसं सांगितलं असणार. गुरुवारी कपाळ पुढं करून म्हणाला, पंडितजी, डबा निघालाय घरून, दोन-चार दिवस सांभाळून घ्या. अगदी हळू म्हणाला, दुसऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्याच्या कपाळावर भस्म होतं. मी ते अंगठ्यानं पुसलं आणि त्या जागी कुंकू लावलं.”

एवढं बोलून ते थांबले. जगात कुणापाशी हे ते पहिल्यांदाच बोलले होते. आत एक चमत्कारिक गारवा जाणवत होता. आता ही बाई ओरडेल. मुलाला हाक मारेल. थुंकेल तोंडावर. जे होईल ते होवो.

शांतादेवी त्यांच्याकडं पाहत होत्या. मग त्यांची ताठ मान, सकाळपासून पहिल्यांदाच, थोडी सैल पडली आणि डोळे भरून आले.

“छबुबाई म्हनली ते खोटं न्हाई,” त्या म्हणाल्या. “लई मायाळू हाव तुमी.”

“आक्का?”

“म्हातारीच्या मनात काटा राहू ने म्हनून सोताच्या डोक्यावर घेताय. एवढं कोन करतं कुनासाठी?”

“नाही. नाही, आक्का. मी खरं सांगतोय.”

“व्हय. तवा बी असंच खरं सांगितलं व्हतं.” त्यांनी गुडघ्यावरच्या पहिल्या पत्रावर हात ठेवला. “जवळ व्हतो म्हनलात. दुखलं न्हाई म्हनलात. चाळीस आयांना झोप लागली असंल ह्या कागदानं.”

“ते पत्र वेगळं. हे… हवालदार जिवंत असता तर त्यानं सांगितलं असतं. आश्रुबाला विचारा. चार दिवस लागोपाठ.”

“आश्रुबा बी म्हनला चार दीस. तूप आलं न्हवतं म्हनून चार दीस. मला ठावं हाय.” त्या लहान पोराला समजवावं तशा बोलत होत्या. “माझा रवि कुनाला वाकडं बोलला न्हाई कधी. शाळंत मास्तर, पलटनीत साहेब, समद्यांचा लाडका. त्याच्यावर कोन डूख धरंल, पंडितजी? कशापायी? गळ्यात लिंग हाय म्हनून? असं कुठं असतं व्हय?”

शास्त्र्यांनी कोटाचं बटण पुन्हा लावलं.

“तुपाचं म्हंजी समजतं. तुपाचं खरं हाय. ते मीच कालवलं, ह्या हातानं. उशीर बी मीच केला.” त्यांनी दोन्ही कागदांच्या घड्या घातल्या आणि उशीखाली सारल्या. “असू द्या. माझं मला फेडायचंय. पर तुमी आलात, एवढं बोललात. माझ्या घरच्या मानसांनी माझ्यासाठी एवढं केलं नसतं.”

त्या उठल्या. खाटेला धरून गुडघे टेकले, मग हात टेकले. आपल्यापेक्षा आठ वर्षांनी लहान माणसाच्या पायांवर त्यांनी कपाळ ठेवलं.

“माय!” वीरेश दारात उभा होता. हातात पाहुण्यांसाठी आणलेलं उपरणं. “अगं, काय हे? तू मोठी हायेस त्यांच्याहून.”

“वयानं,” खालून आवाज आला. “वयानं हाय रं मोठी.”

वीरेशनं पाहुण्यांकडं पाहिलं आणि भारावल्यासारखा हात जोडून उभा राहिला. भाऊ गेला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पन्नाशी उलटलेला, दुकानात बसून माणसं पारखायला शिकलेला माणूस. त्याच्यासमोर तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं असतं, फक्त एकदा, तर त्याला ते पटलं असतं. शास्त्र्यांना हे स्वच्छ दिसत होतं. त्यांनी श्वासही घेतला.

“पंडितजी, मंडळी जमली,” वीरेश हळू आवाजात म्हणाला. “तुमचीच वाट बघतेत.”

शांतादेवी अजून वाकलेल्याच होत्या. आशीर्वाद मिळाल्याशिवाय पायावरून उठायचं नसतं.

बंकटशास्त्र्यांनी पाय मागं घेतले नाहीत. त्यांचा उजवा हात सव्वीस वर्षांच्या सवयीनं वर उचलला गेला, खाली आला आणि पांढऱ्या केसांवर अलगद टेकला.

“शतायुषी व्हा, आक्का,” ते म्हणाले. आवाज खणखणीत होता.